दुसऱ्या मशीनचं लुगडं

कोल्हापुरातनं रत्नागिरीला जायला मोटारसायकलवर अर्धा दिवस रग्गड झाला. गडमुडशिंगीच्या अमरसिंह वरुट्याला मात्र त्याच रस्त्यानं समुद्र गाठायला सहा वर्षं लागली. वाटेत कुणी अडवलं नाही, गाडी पंक्चर झाली नाही, घाटात दरड कोसळली नाही. गडी दर वेळी आपणहून मागं वळला. आणि मागच्या सीटवर बसलेली त्याची बायको वर्षाराणी दर वेळी एक अक्षर न बोलता तशीच परत आली. ती भांडली असती तर परवडलं असतं, असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा. तिचं न बोलणं लई जड जायचं.

आता हा गडी असा का वागायचा, ते आधी सांगायला पाहिजे.

अमरसिंह पंचधारा दूध संघात कॉम्प्युटर खात्यात होता. शहाण्णव साली तो लागला, तेव्हा खातं म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर घातलेलं मेणकापड. पुढं संघानं गावोगावच्या दूध संस्थांत फॅट मोजायची यंत्रं बसवली, पावती छापायचे कॉम्प्युटर दिले, आणि खात्याला एकदम भाव आला. कारण उघड होतं. सकाळी गावातली माणसं किटल्या घेऊन संस्थेच्या दारात रांग लावणार, आणि नेमकं तेव्हाच यंत्र बंद पडणार. दूध नासायला वेळ लागतो हो, माणसाचं डोकं नासायला लागत नाही. मग संस्थेचा सेक्रेटरी संघाला फोन करणार, फोनवर बसलेली माणसं ती तक्रार सॉफ्टवेअरात घालणार, सॉफ्टवेअर तक्रारीला नंबर देणार, आणि त्या नंबरावर मेकॅनिक मोटारसायकल काढून गावाकडं सुटणार. कुठलं गाव, काय बिघडलं, कोण गेलाय, झालं का नाही, सगळं त्या सॉफ्टवेअरात. आणि ते सॉफ्टवेअर एकाच मशीनवर, गोदामामागच्या खोलीत.

ती मशीन पडायची, म्हणजे बंद पडायची. महिन्यातनं एकदा तर हमखास. ती पडली की कुणाला काही कळायचं नाही. मेकॅनिक कुठंतरी ओढ्याकाठी चहा पीत बसलेला, आणि इकडं गावं फोनवरून शिव्या देतायत. मशीन उठवायची एक रीत होती. आधी माहितीचा साठा जागा करायचा, मग जरा दम धरायचा, मग सॉफ्टवेअर चालू करायचं, मग फोनवाल्यांच्या स्क्रीन एकेक करून जोडायच्या. क्रम चुकला की बया रुसून बसायची. ही रीत फक्त अमरसिंहाला ठाऊक होती. त्यानं ती लपवली नव्हती, पण शिकवलीही नव्हती. शिकवायला वेळ मिळत नाही म्हणायचा. खरी गोष्ट अशी, की त्याला ते आवडायचं. मशीन पडली की चेअरमन सयाजीदादा स्वतः खुर्चीतनं उठून व्हरांड्यात येऊन उभे राहायचे आणि तो फाटकातनं आत शिरताना दिसला की म्हणायचे, "आला बघा अमरसिंग." तेवढ्या तीन शब्दांवर गड्याची छाती दिवसभर फुगलेली असायची.

दोन हजार साली त्याचं लग्न झालं. बायको मलकापूरची. तिचे वडील जोतीराम तिथल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी, म्हणजे फोनवर तक्रार देता देताच सोयरीक जुळलेली. रत्नागिरीहून मासे घेऊन येणारे टेम्पो वर्षाराणीनं लहानपणापासून दारावरनं जाताना बघितलेले, पण आंबा घाट उतरून समुद्र काही कधी बघितला नव्हता. वडिलांना संस्था सुटत नव्हती, आणि एकट्या पोरीला कोण पाठवणार? लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा अमरसिंह तिला म्हणाला, "तुला समुद्र दाखवतो. ही माझी जबान."

महिन्याभरात दोघं निघाली. बांबवड्याला चहाला थांबली आणि समोर नेमकं एसटीडी बूथ. अमरसिंहाचे हात शिवशिवले. म्हणाला, "नुसतं इच्यारतो, बरं चाललंय न्हवं." पलीकडनं आवाज आला, "बरं झालं फोन केलासा. बंद हाय." झालं, गाडी वळली.

दुसऱ्या खेपेला मलकापुरापर्यंत पोचली. सासुरवाडीत जावयासाठी तांबडा रस्सा वाढलेला, पहिला घास तोंडाशी गेलेला, आणि घरातला फोन वाजला. जोतीरामांनीच उचलला. जावयाकडं बघून म्हणाले, "जेवून तरी जावा." जावई उपाशीच उठला.

तिसऱ्या खेपेला म्हणजे दोन हजार चार साली शर्टाच्या खिशात मोबाईल आला होता. गाडी आंब्यापर्यंत गेली. पुढं घाट, आणि घाटात फोन मुका. घाटाच्या तोंडाशी अमरसिंहानं गाडी थांबवली. उगं रेंज हाय का बघायला. रेंज होती, आणि फोन वाजला. वर्षाराणी सीटवरनं उतरलीसुद्धा नाही. त्यानंतर त्या घरात समुद्राचं नाव कुणी काढेना. टीव्हीवर समुद्र दिसला की ती उठून चॅनेल बदलायची. अमरसिंह ते बघायचा आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण करणार काय?

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात मशीनचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला. नवा भाग पुण्याहून यायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस गावांनी चेअरमनांना घरात झोपू दिलं नाही. तेव्हा कुठं अमरसिंहाला बोलायला तोंड सापडलं. तो सयाजीदादांना म्हणाला, "दादा, दुसरी मशीन घेऊया. तशीच. पहिली पडली की दुसरी उठंल."

दादांनी त्याला संचालकांच्या मीटिंगमध्ये उभा केला. संचालक म्हणजे सगळी शेतकरी माणसं, हयात जनावरांत गेलेली. एकानं विचारलं, "पहिली चालू असताना दुसरी काय करणार?"

"बसून राहणार. पहिलीवर ध्यान ठेवून."

"म्हंजे बसून खाणारं जनावर. आणि पहिली पडली की गावांनी काय नवा नंबर फिरवायचा? फोनवाल्या पोरास्नी परत सगळं जोडत बसायचं?"

अमरसिंहानं तयार करून आणलेली चित्रं बाजूला ठेवली. ती कुणाला कळत नव्हती, ते त्याला दिसत होतं. मग त्याला घरची म्हैस आठवली. "आमची चंदी म्हैस तुमाला ठावं हाय न्हवं? एकहाती. आमची आई तानाबाई सोडून कुणाच्या हाताला दूध देत न्हाय. आई गडहिंग्लजला मावशीकडं गेली की आमचा बा काय करायचा?"

मीटिंगमध्ये खसखस पिकली, कारण तसल्या म्हशी सगळ्यांच्याच गोठ्यात होत्या. एक पिकल्या मिशांचे संचालक म्हणाले, "बायकोचं लुगडं गुंडाळून बसायचा, आणि काय. मी बी बसलोय."

"तेच तर. म्हशीला वाटतं आईच बसलीया, ती पान्हा सोडती. तशी दुसरी मशीन पहिलीचं लुगडं नेसणार. पहिलीचं नाव, पहिलीचा पत्ता, सगळं अंगावर घेणार. फोनवाल्यांच्या स्क्रीनला वाटणार पहिलीच हाय. कुणाला कायबी कळणार न्हाय."

ठराव मंजूर झाला. त्या दिवसापासनं संघात दुसऱ्या मशीनला कुणी सर्व्हर म्हणालं नाही. ती 'लुगडंवाली' झाली ती झालीच.

मशीनबरोबर खात्यात एक माणूसही वाढलं. पवित्रा म्हणून गडहिंग्लजकडची पोरगी, इंजिनिअर झालेली, आईला अव्वा आणि बापाला अप्पा म्हणणारी, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीतनं न उठणारी. दोघांनी मिळून जोडणी केली. दोन्ही मशीनवर माहितीचा साठा एकसारखा राहील अशी सोय केली. दोन्हींच्या मध्ये एक आखूड निळी वायर लावली. तिच्यातनं पहिली मशीन दुसरीला सारखी हाक मारत राहायची, हाय मी, हाय मी. हाक बंद झाली की दुसरीनं समजायचं, बाई गेली, आणि लुगडं नेसून पुढं व्हायचं.

पहिल्या चाचणीला अमरसिंहानं पहिल्या मशीनची पिन उपसली. फोनवाल्या पोरांच्या स्क्रीन जरा थबकल्या आणि परत चालू झाल्या. मागं काय झालं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अमरसिंहानं पवित्राला स्वतःच्या हातानं भेळ आणून दिली. भेळ खाता खाता ती म्हणाली, "सर, दोघीबी जिवंत असल्या आणि मधली वायरच तुटली तर?"

"हितं वायर कोण तोडतंय?"

"तसं न्हवं. तुटली तर दोघीबी लुगडं नेसतील की. म्हशीपुढं एकदम दोन तानाबाई."

"तुझं आपलं कायतरीच," अमरसिंह म्हणाला आणि भेळीवर शेव जास्ती घालून घेतली. तिचा प्रश्न त्यानं तिथंच सोडला. आपल्या हातानं केलेल्या कामात खोट निघते, हे ऐकायला त्याला त्या दिवशी जिवावर आलं होतं.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. संघात टँकर धुऊन त्यांना हार घालायचे, काटे, कॅन, मेकॅनिकांचे पाने-पक्कड सगळं पाटावर मांडायचं. दरवर्षी कॉम्प्युटरही बंद करून पूजेला बसायचे आणि तेवढा वेळ तक्रारी कागदावर. या वर्षी अमरसिंहानं छातीठोकपणे जाहीर केलं, "एकीची पूजा हुईस्तोवर दुसरी काम करंल. मग दुसरीची पूजा, पहिली काम करंल. एक बी तक्रार कागदावर जाणार न्हाय."

पूजेचा मान गुंडूमामांचा. मामा संघाचे जुने शिपाई, आणि पूजेच्या बाबतीत चेअरमनांचंही ऐकायचे नाहीत. त्यांनी बघितलं, पहिली मशीन कपाटात आणि दुसरी टेबलावर. पूजा पाटावरच झाली पाहिजे. त्यांनी पहिली उचलली, पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मग दुसरीचंही तसंच. दोन पाट जरा लांब लांब पडले. मधली निळी वायर पोचेना. मामांनी ती दोन्हीकडनं सोडवली, नीट गुंडाळी केली, तिलाही कुंकू लावलं आणि हाराखाली ठेवून दिली. अमरसिंहानं विजेच्या आणि फोनवाल्यांकडं जाणाऱ्या वायरी स्वतः जोडल्या, मशीन चालू केल्या. निळी वायर हाराआड गेलेली, ती त्याच्या ध्यानातच आली नाही, आणि हार हलवायचा प्रश्नच नव्हता. एकदा मांडलेली पूजा दसऱ्याला सोनं लुटून झाल्याशिवाय हलवत नाहीत. "देव पाटावर बसून ऐकतो न्हवं? मग मशीनबी पाटावर बसून काम करंल," मामा म्हणाले. सगळ्यांना पटलं. अमरसिंहाला तर लईच पटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी अमरसिंह आईबरोबर किटली घेऊन गडमुडशिंगीच्या संस्थेवर गेला, तर यंत्र बंद आणि रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. तक्रार गेलेली होती. एवढ्यात आकाराम मेकॅनिक आला आणि यंत्र उघडून बसला. अमरसिंहानं आईकडं असं बघितलं, जसं काही यंत्र त्यानंच दुरुस्त केलंय. तोवर दुसरी मोटारसायकल आली. तिच्यावर मल्लेश मेकॅनिक.

आकाराम म्हणाला, "तू हितं कशाला आलास?"

"मला पाठवलंय. नंबर हाय माझ्याकडं." दोघांनी नंबर सांगितले. नंबर एकच निघाला. "मला नंबर दिल्ता, गावाचं नाव नीट ऐकाय आलं न्हाय," मल्लेश म्हणाला, "मग वाटंतनं फोन करून इच्यारलं ह्या नंबराला कुठलं गाव. गडमुडशिंगी म्हणाले की."

तानाबाई म्हणाली, "अमऱ्या, तुझा संघ लई सुधारला रं. एका यंत्राला दोन दोन माणसं."

रांगेत हसू पसरलं. अमरसिंहाला हसू येईना, कारण एका नंबराला दोन माणसं म्हणजे काय, ते त्याला आधीच कळलं होतं. तेवढ्यात वर्षाराणी घरातनं त्याचा मोबाईल घेऊन आली. "बाबांचा फोन हाय. मलकापुरात सकाळपासनं रांग थांबलीया. तक्रार दिली, नंबर मिळाला, पण माणूस न्हाय. सणाचं दूध तसंच पडलंय म्हणत्यात." तिनं दोन्ही मेकॅनिकांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "सासरला दोन आणि माहेरला एक बी न्हाय. हे तुमच्या त्या लुगडंवालीनं केलं व्हय?" आणि लग्न झाल्यापासनं पहिल्यांदाच ती त्या सॉफ्टवेअरवर पोट धरून हसली.

मल्लेशला मलकापूरला पिटाळून अमरसिंह संघात पोचला. पवित्रा आधीच येऊन बसली होती. दोघी मशीन जिवंत होत्या आणि हाक ऐकू येत नाही म्हणून दोघींनीही लुगडं नेसलं होतं. अर्धे फोनवाले एकीला तक्रारी देत होते, अर्धे दुसरीला, आणि दोघी आपापले नंबर वाटत सुटल्या होत्या. एकच नंबर एकीनं गडमुडशिंगीला दिला होता, दुसरीनं मलकापूरला. पवित्रा हाराकडं बोट दाखवून म्हणाली, "वायर त्याच्याखाली हाय. पण मामा हात लावू देत न्हाईत."

गुंडूमामा दारात आडवे उभे. "पूजा हलायची न्हाय."

"मामा," अमरसिंह हात जोडून म्हणाला, "त्या निळ्या वायरीतनं दोघी एकमेकीला हाक मारत्यात. तुमी हाकच बंद केलीसा."

मामांनी कानाला हात लावला. मग त्यांचा पारा चढला. "मग आधी सांगायचं न्हाईस व्हय? मला काय सपान पडलंय? एवढी वर्षं पूजा करतोय मी, कुठल्या वायरीत काय हाय ते कवा सांगितलंस? मलाच काय, कुणाला सांगितलंस?"

मामांनी अक्षता वाहिल्या, देवाची माफी मागितली आणि स्वतःच्या हातानं हार बाजूला केला.

एक मशीन बंद करून, दोन्हीकडच्या तक्रारी ताडून एक करायला दुपार झाली. बाहेर गाव दसरा चौकाकडं निघालं होतं. पवित्रानं शेवटची तक्रार जागेवर लावली आणि काहीही जोर न देता म्हणाली, "सर, मशीन दोन झाल्या. तुमी एकच हाय."

"म्हंजे?"

"ही दोन्हीकडची माहिती एक करायची रीत तुमालाच ठावं. साठा आधी का सॉफ्टवेअर आधी, तुमालाच ठावं. आज गावाला गेला असतासा तर? एकहाती म्हैस कोण हाय हितं, मशीन का तुमी?"

दुसरं कुणी बोललं असतं तर तो खवळला असता. पण सकाळपासनं आई, बायको आणि गुंडूमामा, तिघांनी मिळून त्याची हवा काढलेली होती. तो खुर्चीत बसला. व्हरांड्यात उभे राहणारे सयाजीदादा, "आला बघा अमरसिंग", फुगलेली छाती, आणि घाटाच्या तोंडाशी सीटवरनं न उतरलेली बायको. सगळं त्याला एकदम दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. "उद्यापासनं शिकवतो," तो म्हणाला.

आणि खरंच शिकवलं. आधी मशीनचं काम पक्कं केलं. हाकेला एकाच्या जागी दोन वायरी, दोन वेगळ्या वाटांनी. स्वागतकक्षातला एक जुना कॉम्प्युटर पंच म्हणून नेमला. हाक बंद झाली की दोघींनी आधी पंचाला विचारायचं, आणि जिला पंच दिसत नाही तिनं गुमान बसायचं. वर पवित्रानं अशी सोय केली, की लुगडं नेसायच्या आधी दुसरीनं पहिलीची वीजच तोडायची. "आधी तिच्या अंगावरनं उतरवायचं, मग आपण नेसायचं," असं ती समजावून सांगत होती, तेवढ्यात दारातनं सयाजीदादा आत आले, आणि पवित्रा लाजून लाल झाली. गुंडूमामांनी तर पुढच्या खंडेनवमीसाठी एकच लांब पाट करून घेतला, दोघी शेजारी शेजारी बसतील असा. वर ठरवून टाकलं, की दरवर्षी खंडेनवमीला एकीकडचं काम दुसरीकडं जाणार, मग परत. बदलीची चाचणी आपसूक होणार, आणि विसरायची सोयच नाही.

मग अमरसिंहानं पवित्राला आणि फोनवाल्या पोरांना सगळी रीत दाखवली. दाखवून झाल्यावर त्यांना करायला लावली आणि स्वतः चहाच्या गाड्यावर जाऊन बसला. हात शिवशिवत होते. तो मधेच उठून आत यायला लागला, तर गुंडूमामा परत दारात आडवे. "तुला आत सोडायचं न्हाय असं पवित्रानं सांगितलंय." त्या दिवशी त्यानं चार चहा पिले.

डिसेंबरात सयाजीदादांनी त्याला बोलावलं. "तीन दिवस रजा. समुद्र बघून ये. आणि फोन केलास तर नोकरीवर घेणार न्हाय."

त्यानं घरी येऊन सांगितलं. वर्षाराणी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आंब्यापतोर जायाचं का बांबवड्यापतोर?" पण सकाळी ती त्याच्या आधी तयार होऊन गाडीजवळ उभी होती.

बांबवडं आलं. बूथवाल्यानं ओळखून हात केला, अमरसिंहानं मान खाली घातली. मलकापूर आलं. जोतीरामांनी जावयापुढं हात पसरला. "मोबाईल हितं ठेवायचा. कपाटात. किल्ली माझ्याजवळ." आंबा आलं. घाटाच्या तोंडाशी त्यानं सवयीनं खिसा चाचपला, खिसा रिकामा. त्यानं गाडी थांबवली नाही. मागं बसलेल्या वर्षाराणीनं एवढा वेळ सीटची कडी धरली होती, ती सोडून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी दोघं रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर पोचली. वर्षाराणीनं चपला हातात घेतल्या आणि थेट पाण्यात गेली, साडी गुडघ्यापर्यंत भिजली तरी थांबेना. एक लाट आली तशी ती किंचाळली आणि मग स्वतःलाच हसली. "लई मोठा हाय हो," एवढंच म्हणाली. अमरसिंह वाळूत बसून तिच्याकडं बघत होता. सहा वर्षं हिला कशासाठी थांबवलं आपण, असं त्याच्या मनात येत राहिलं.

पण सवय ती सवय. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यापासनं त्याच्या जिवाला चैन नव्हतं. आज गुरुवार, गावांचे फोन जास्ती. पंच बंद पडला असंल तर? लाज वाटत असतानाच तो म्हणाला, "वर्षा, तुझ्या आईला-बाबांला ताजे मासे घेऊन जाऊया का? आजच?"

तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. अजून दोन दिवसांची रजा होती. मासे घेतले आणि दोघं घाट चढून मलकापूरला आली. ती परत गप्प झाली होती. तिच्या साडीच्या काठाला अजून वाळू चिकटलेली होती.

जोतीरामांनी कपाट उघडलं. "वाजला न्हाय एकदाबी."

"बॅटरी उतरली असंल."

"रात्रीच चार्ज केलाय मी. वाजला न्हाय म्हंजे न्हाय."

अमरसिंहानं संघाला फोन लावला. पवित्रानं उचलला. "बोला. कुठलं गाव? काय तक्रार हाय?"

"अगं मी. मी बोलतोय."

"सर? तुमी कशाला फोन केलासा?"

"सगळं बरं हाय न्हवं?"

"न्हाय की. काल सकाळी पहिली मशीन पडली. तिची डिस्क गेली."

अमरसिंह उठून उभा राहिला. "आणि मग?"

"मग काय? लुगडंवालीनं घेतलं. कुणाला कळलंबी न्हाय. चेअरमनांला संध्याकाळी मी सांगितलं तवा कळलं. नवी डिस्क मागवलीया, आली की बसवतो. सर, तुमची तक्रार असली तर नंबर देते. न्हाय तर ठेवू का? मागं फोन हाईत."

फोन ठेवला गेला. अमरसिंह दारातल्या कट्ट्यावर जाऊन बसला. काल सकाळी. म्हणजे तो घाट उतरत होता, तेव्हा. मशीन पडली, आणि सयाजीदादा व्हरांड्यात आलेसुद्धा नाहीत. कुणी वाट बघितली नाही, कुणी नाव घेतलं नाही. त्याला हलकं वाटायला पाहिजे होतं आणि वाटतही होतं, पण कुठंतरी आत टोचत होतं, ते काही खोटं नाही.

वर्षाराणी मासे आत देऊन बाहेर आली. तिनं त्याचा चेहरा बघितला. "पडली?"

"पडली. आणि उठली. मला कुणी बोलावलंबी न्हाय." तो म्हणाला, "मग आता माझी गरज काय राहिली गं?"

"तितं न्हाय राहिली," ती म्हणाली. "मला हाय की." मग पदर खोचून मोटारसायकलकडं बघितलं. "दोन दिवस रजा हाय अजून. वळवा गाडी."

आतनं जोतीराम ओरडले, "आरं मासे कोण खाणार?"

"तुमी खावा," वर्षाराणी म्हणाली.

अमरसिंहानं मोबाईल बंद केला, स्वतःच्या हातानं सासऱ्याच्या कपाटात ठेवला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. मग गाडीला किक मारली आणि तिचं तोंड घाटाकडं वळवलं.